ठरलेल्या शेवटाची गोडी

ऑक्टोबर महिना सरत आलेला असतो. अमेरिकेतील घरांच्या दारांत हॅलोविनचे कोरीव भोपळे अजून तसेच असतात. पण तेथील दूरचित्रवाणीच्या काही वाहिन्यांवर मात्र बर्फ पडू लागतो. तेव्हापासून नाताळ उलटेपर्यंत या वाहिन्यांवर जवळजवळ अहोरात्र एकाच जातीचे चित्रपट दाखविले जातात. मोठ्या शहरात नोकरीच्या मागे धावणारी तरुणी काही कारणाने लहानशा गावी येते. तेथे तिला साधा, मनमिळाऊ, बहुधा हातात कसब असलेला तरुण भेटतो. दोघांचे आधी खटके उडतात, मग एकत्र झाड सजविले जाते, मध्येच एक गैरसमज होतो आणि नाताळच्या आदल्या रात्री, पडत्या बर्फात, तो दूर होतो. हा शेवट प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांतच कळलेला असतो. तरीही तो दोन तास जागचा हलत नाही. आणि लगोलग दुसरा चित्रपट लागला की तोही पाहतो.

खास दूरचित्रवाणीसाठी तयार होणाऱ्या या नाताळ-प्रेमपटांची समीक्षकांनी गंभीर दखल क्वचितच घेतली. ‘ठोकळेबाज’ हे त्यांना लावले जाणारे त्यातल्या त्यात सौम्य विशेषण. पण लक्षावधी माणसे वर्षानुवर्षे ज्या गोष्टीकडे आपणहून परत येतात, तिला एका विशेषणात निकालात काढणे योग्य ठरत नाही. हा साचा कोठून आला, तो टिकला कसा आणि त्यातून प्रेक्षकाला नेमके काय मिळते, हे पाहू गेल्यास आधुनिक समाजातील सण, एकटेपणा आणि आपलेपणा यांच्याविषयी बरेच काही हाती लागते.

शुभेच्छापत्रांपासून पडद्यापर्यंत

या चित्रपटप्रकाराशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव म्हणजे हॉलमार्क. मराठी वाचकाला हा शब्द सराफाच्या पेढीवर भेटतो; सोन्याच्या शुद्धतेचा तो शिक्का. अमेरिकेतील कंपनीचे नावही तेथूनच आले आहे. जॉइस क्लाइड हॉल हा नेब्रास्का राज्यातील अठरा वर्षांचा तरुण १९१० मध्ये बुटांच्या दोन खोक्यांत चित्रांची पोस्टकार्डे भरून मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे आला आणि त्यांचा व्यापार करू लागला. पुढे त्याने शुभेच्छापत्रे छापण्यास आरंभ केला. सुवर्णकारांचा ‘हॉलमार्क’ हा शब्द दर्जाची हमी सुचवितो आणि त्यात आपले आडनावही येते, हे हेरून १९२८ पासून कंपनीने तो शुभेच्छापत्रांच्या पाठीवर छापावयास घेतला.

दूरचित्रवाणीशी या कंपनीचे नाते जडले तेही नाताळच्या निमित्तानेच. २४ डिसेंबर १९५१ रोजी एनबीसी वाहिनीवर जियान कार्लो मेनोत्ती यांचा ‘अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ हा ऑपेरा हॉलमार्कच्या प्रायोजकत्वाखाली सादर झाला. दूरचित्रवाणीसाठी मुद्दाम लिहवून घेतलेला हा पहिला ऑपेरा मानला जातो. त्यातूनच ‘हॉलमार्क हॉल ऑफ फेम’ ही नाट्य-चित्रपटमाला उभी राहिली. ऑगस्ट २००१ मध्ये ‘ओडिसी’ या वाहिनीचे रूपांतर हॉलमार्क वाहिनीत झाले आणि २००९ पासून ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ या नावाने नाताळपटांचा सलग हंगाम सुरू झाला. २०१९ मध्ये हॉलमार्कने आपल्या दोन वाहिन्यांवर मिळून एकाच हंगामासाठी ४० नवे चित्रपट जाहीर केले होते. ‘लाइफटाइम’सारख्या स्पर्धक वाहिन्यांचे चित्रपट त्याखेरीज वेगळे.

दिवाळीबरोबर दिवाळी अंकांची वाट पाहणाऱ्या वाचकाला सणाशी जोडलेल्या अशा निर्मितीचे नवल वाटणार नाही. मात्र येथे एक व्यावसायिक हिशेब आहे. शुभेच्छापत्रे, सजावट आणि भेटवस्तू विकणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत महत्त्वाचे आठवडे हेच. जाहिरातदारही याच काळात हात सैल सोडतात. त्यामुळे पडद्यावरील सणाचे वातावरण आणि बाजारातील खरेदीचे वातावरण एकमेकांना पूरक ठरते.

पूर्वजांची वंशावळ

हा साचा हॉलमार्कने शून्यातून घडविला असे मात्र नाही. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. कामाच्या आणि पैशाच्या नादात माणुसकी हरवून बसलेला मनुष्य नाताळच्या एका रात्रीत बदलतो, हे सूत्र तेव्हापासून इंग्रजी वाचकांच्या मनात रुजले. आजच्या नाताळपटातील, सुट्टीच्या दिवशीही भ्रमणध्वनी कानाला लावून बसलेली नायिका ही डिकन्सच्या स्क्रूजची दूरची नात म्हणावी लागेल. ती कंजूष नाही आणि दुष्टही नाही. पण तिलाही थांबावयास कोणीतरी शिकवावे लागते.

प्रेमकथेची बाजू हॉलिवूडकडून आली. अर्न्स्ट ल्युबिच यांच्या ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) या चित्रपटात एकाच दुकानात काम करणारे, एकमेकांशी सतत भांडणारे दोघे जण नकळत परस्परांनाच प्रेमपत्रे लिहीत असतात. आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी हे गुपित फुटते. ‘ख्रिसमस इन कनेटिकट’ (१९४५) या चित्रपटातील लेखिका मासिकातून आपल्या शेतघराची, संसाराची आणि पाककौशल्याची रसभरीत वर्णने लिहिते. प्रत्यक्षात ती न्यूयॉर्कमध्ये एकटी राहते आणि तिला स्वयंपाकाचा गंधही नसतो. युद्धातून परतलेल्या एका नौसैनिकाचा पाहुणचार करण्याची पाळी आल्यावर तिची जी तारांबळ उडते, तीच या चित्रपटाची कथा. १९९२ मध्ये त्याची दूरचित्रवाणीसाठी नवी आवृत्ती निघाली आणि तिचे दिग्दर्शन चक्क अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी केले होते.

नाताळला घरबसल्या चित्रपट पाहण्याची सवय जडण्यामागे कायद्यातील एक चूकही कारणीभूत ठरली. फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा १९४६ चा चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी फारसा चालला नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावयाचे राहून गेले. परिणामी ठिकठिकाणच्या दूरचित्रवाणी केंद्रांना तो मोफत दाखविता येऊ लागला आणि दर डिसेंबरात वारंवार दिसून तो घराघरांत पोहोचला. दरवर्षी तोच चित्रपट, तोच शेवट, तीच आसवे. असा हा वार्षिक विधी झाला. पुढच्या नाताळपटांसाठी प्रेक्षक असा आधीच तयार झालेला होता.

कथेचा साचा

हे चित्रपट साधारणपणे दोन तासांच्या वेळेत बसविलेले असतात आणि त्यातील सुमारे ८५ मिनिटे चित्रपटाची, उरलेली जाहिरातींची असतात. त्यामुळे कथेचे छोटे छोटे अंक पाडले जातात आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे वळू नये इतपत उत्सुकता ठेवली जाते. ही उत्सुकता कधीही भीतीच्या पातळीवर जात नाही. नायक-नायिका चुंबनाच्या अगदी जवळ येतात आणि तेवढ्यात कोणीतरी दार ठोठावते. खरे चुंबन राखून ठेवले जाते ते अखेरच्या मिनिटांसाठी.

पात्रेही ठरलेली असतात. शहरात राहणारा, सतत कामात असलेला नायिकेचा प्रियकर; नायकाची आई नसलेली लहान मुलगी; सांताक्लॉजची आठवण करून देणारा पांढऱ्या दाढीचा वृद्ध; नायिकेला वेळोवेळी खरे बोलून दाखविणारी मैत्रीण. प्रसंगांचेही तसेच. जिंजरब्रेडची घरे रचण्याची स्पर्धा, बर्फावरून घसरणे, गावातील दीपोत्सव आणि दाराच्या चौकटीवर टांगलेली मिसलटो या बांडगुळाची फांदी. या फांदीखाली एकत्र आलेल्या जोडप्याने चुंबन घ्यावे, असा पाश्चात्त्य संकेत आहे.

या साच्यात खलनायकाला जवळजवळ स्थान नाही. संकट येते ते बहुधा जुने विश्रामगृह विकले जाण्याचे किंवा गावचा उत्सव बंद पडण्याचे. २५ डिसेंबर ही तारीख कोणालाही पुढे ढकलता येत नसल्याने कथेला आपोआप मुदत मिळते. निराळा ताण निर्माण करण्याची पटकथाकाराला गरज पडत नाही. धर्माचा उल्लेखही यातील बहुतेक चित्रपटांत नाममात्रच असतो. त्यांतील नाताळ हा कुटुंब, अन्न, दिवे आणि सढळ मनाचा सण असतो.

साचा तोच असला तरी त्यात रंग भरण्यास वाव असतो. ‘द ख्रिसमस कार्ड’ (२००६) मध्ये अफगाणिस्तानात तैनात असलेल्या सैनिकाला एका अनोळखी तरुणीने पाठविलेले शुभेच्छापत्र मिळते आणि सुट्टीवर परतल्यावर तो कॅलिफोर्नियातील तिच्या गावी जाऊन पोहोचतो. त्यात नायिकेच्या वडिलांची भूमिका करणारे ज्येष्ठ अभिनेते एड अ‍ॅस्नर यांना एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. ‘ख्रिसमस अंडर रॅप्स’ (२०१४) मधील तरुण डॉक्टरला मनाजोगती जागा मिळत नाही आणि अलास्कातील एका आडगावी काम पत्करावे लागते. त्या गावाचे गुपित सांताक्लॉजशी जोडलेले आहे, हे तिच्या हळूहळू ध्यानात येते. रुमानियात चित्रित झालेल्या ‘अ प्रिन्सेस फॉर ख्रिसमस’ (२०११) मध्ये जेम्स बाँडच्या भूमिकेमुळे जगप्रसिद्ध झालेले रॉजर मूर हेकट उमरावाच्या रूपात दिसले.

या चित्रपटांच्या नायिकाही ओळखीच्या असतात. ‘फुल हाउस’मधील कँडेस कॅमेरॉन ब्युरे, ‘द वंडर इयर्स’मधील डॅनिका मॅकेलर, ‘पार्टी ऑफ फाइव्ह’मधील लेसी शाबेर या अभिनेत्रींना अमेरिकी प्रेक्षकांनी बालवयात किंवा किशोरवयात पाहिलेले होते. मालिकांबरोबर लहानाच्या मोठ्या झालेल्या प्रेक्षकांना त्या वर्षाकाठी एकदा घरी येणाऱ्या नात्यातल्या मुलींसारख्या वाटल्या तर नवल नाही.

उन्हाळ्यातील हिमवृष्टी

पडद्यावरील हे अमेरिकी गाव बहुतेक वेळा अमेरिकेत नसतेच. यातील बहुसंख्य चित्रपट कॅनडात, प्रामुख्याने ब्रिटिश कोलंबिया आणि ऑन्टारियो या प्रांतांत चित्रित होतात. चित्रपटनिर्मितीला तेथे मिळणारी करसवलत, अनुभवी तंत्रज्ञ आणि जुन्या धाटणीच्या बाजारपेठा ही त्यामागील कारणे होत. ओटावा शहराजवळील आल्मोंट या छोट्या गावाचा मुख्य रस्ता अशा अनेक चित्रपटांत निरनिराळ्या नावांनी झळकला आहे.

एका चित्रपटाचे चित्रीकरण साधारण दोन-तीन आठवड्यांत उरकले जाते. हंगामाआधी सर्व चित्रपट तयार हवेत म्हणून काम वर्षभर चालते. आणि मग भर उन्हाळ्यात लोकरीचे कोट, हातमोजे व गळपट्टे घालून कलाकारांना थंडीने काकडण्याचा अभिनय करावा लागतो. हिरवळीवर पांढऱ्या चादरी अंथरल्या जातात, झाडांवर कृत्रिम बर्फ पसरले जाते आणि फेसाचे कण यंत्राने उडवून हिमवृष्टी घडविली जाते. बारकाईने पाहणाऱ्याला पात्रांच्या तोंडातून थंडीतील वाफ निघत नाही, हे जाणवते. खर्च मर्यादित, पण तोच चित्रपट पुढील अनेक डिसेंबरांत पुन्हा दाखविता येतो. शिवाय ‘जुलैमधला नाताळ’ असा खास उन्हाळी कार्यक्रमही असतो. बातमी शिळी होते, मालिका विस्मरणात जाते. नाताळपट मात्र दरवर्षी पेटीतून काढावयाच्या सजावटीसारखा पुन्हा कामी येतो.

ठाऊक असलेल्या शेवटाचे सुख

शेवट आधीच कळला तर गोष्टीतील रस जातो, असा सर्वसाधारण समज आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये लघुकथांवर केलेल्या प्रयोगांत, शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा किंचित अधिकच आवडल्याचे आढळले. नंतरच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष याहून वेगळे आले. परंतु ‘काय होणार’ याची चिंता मिटली की ‘कसे होते’ याकडे निवांत लक्ष देता येते, हा अनुभव कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला नवा नाही.

जॅनिस रॅडवे यांचा ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) हा अभ्यास येथे अधिक उपयोगी पडतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून त्यांनी तो सिद्ध केला. त्यांतील काही जणी शेवट सुखाचा आहे ना, हे आधी पाहून मगच पुस्तक वाचावयास घेत. दिवसभर इतरांची काळजी वाहणाऱ्या या स्त्रियांच्या दृष्टीने वाचन म्हणजे स्वतःसाठी राखून ठेवलेला वेळ होता. आणि त्या कथांतील नायिकेची काळजी घेणारे कोणीतरी अखेरीस तिला भेटत असे.

नाताळपटांचा प्रेक्षकवर्गही प्रामुख्याने स्त्रियांचाच आहे. सणाचे सुख घरातील सर्वांच्या वाट्याला येते. त्यामागचे कष्ट मात्र बहुधा एकीच्याच. भेटवस्तू आणणे, त्या गुंडाळणे, पाहुण्यांची सोय, स्वयंपाक हे सारे करीत असताना समोर सुरू असलेला चित्रपट अर्धे लक्ष दिले तरी कळावा लागतो. दहा मिनिटे भट्टीजवळ घालवून परतले तरी काही बिघडत नाही, ही या चित्रपटांची उणीव म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती त्यांची सोय आहे.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. सणाचे दिवस ज्यांच्या घरी एक खुर्ची रिकामी झाली आहे त्यांना सर्वांत जड जातात. वरवर गोड वाटणाऱ्या या चित्रपटांत मृत्यूची सावली आश्चर्य वाटावे इतक्या वेळा येते. नायक विधुर असतो, नायिकेची आई नुकतीच गेलेली असते, आजीच्या हातच्या पाककृतीची वही कपाटात सापडते. दुःख नाकारले जात नाही. त्याला सणात जागा करून दिली जाते आणि दीड तासाच्या अखेरीस ते माणूस पुन्हा सर्वांसमवेत जेवणास बसलेले दिसते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने अमेरिकेतील घरांची दारे बंद झाली, तेव्हा हॉलमार्क वाहिनीने ऐन वसंतात नाताळपटांची सलग मालिका दाखविली. उद्याचे काहीच सांगता येत नव्हते, त्या दिवसांत ज्याचा शेवट हमखास सांगता येतो असे काहीतरी पाहणे हा मोठा दिलासा होता.

अर्थात या दिलाशात एक स्वप्नरंजनही आहे. पडद्यावरील गावात पुस्तकांचे दुकान, बेकरी, फुलवाला असे सारे मुख्य रस्त्यावर सुखाने नांदत असतात. प्रत्यक्षात अवाढव्य विक्रीकेंद्रे आणि घरपोच खरेदी यांच्यापुढे अमेरिकेतील कितीतरी छोट्या गावांच्या बाजारपेठा ओस पडल्या आहेत. नोकरी सोडून गावी राहिलेल्या नायिकेचे पुढे कसे भागते, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. यश म्हणजे शहर आणि सुख म्हणजे गाव, अशी सोपी वाटणी करून स्त्रीच्या महत्त्वाकांक्षेला दरवेळी माघार घ्यावयास लावले जाते, हा स्त्रीवादी समीक्षकांचा आक्षेपही बिनबुडाचा नाही.

कुंपणाबाहेरचे

सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच होता. ज्या गावात प्रत्येकाचे स्वागत होते असे हे चित्रपट सांगत, त्या गावात दीर्घकाळपर्यंत नायक-नायिका जवळपास नेहमीच गौरवर्णीय असत. कृष्णवर्णीय कलाकारांच्या वाट्याला मैत्रिणीची किंवा कचेरीतील वरिष्ठाची भूमिका येई. २०१८ च्या सुमारास या विषयावर जाहीर टीका वाढली आणि त्याच वर्षी तात्याना अली यांच्या ‘ख्रिसमस एव्हरलास्टिंग’सारखे कृष्णवर्णीय नायिका असलेले चित्रपट येऊ लागले.

डिसेंबर २०१९ मध्ये हा वाद ऐरणीवर आला. विवाहविषयक सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातींत दोन वधू एकमेकींचे चुंबन घेताना दाखविल्या होत्या. परंपरावादी गटाच्या दबावाखाली हॉलमार्कने त्या जाहिराती थांबविल्या. त्यावर विरुद्ध बाजूने इतका निषेध झाला की काही दिवसांतच कंपनीला क्षमा मागून निर्णय फिरवावा लागला. २०२० च्या ‘द ख्रिसमस हाउस’ मध्ये समलिंगी जोडप्याला महत्त्वाचे स्थान मिळाले आणि २०२२ च्या ‘द हॉलिडे सिटर’ मध्ये मुख्य प्रेमकथाच दोन पुरुषांची होती. याच सुमारास प्रवाह दुभंगला. हॉलमार्क वाहिन्यांचे माजी प्रमुख बिल अ‍ॅबट यांनी उभारलेल्या ‘ग्रेट अमेरिकन फॅमिली’ या वाहिनीकडे २०२२ मध्ये ब्युरे गेल्या आणि तेथील चित्रपटांच्या केंद्रस्थानी पारंपरिक विवाहच राहील, अशा आशयाचे त्यांचे विधान वादग्रस्त ठरले.

निरुपद्रवी करमणूक मानल्या गेलेल्या चित्रपटांवरून एवढे रण माजावे, याचे कोणाला हसू येईल. पण सुखान्त हा या चित्रपटांनी दिलेला शब्द आहे. आणि तो कोणाकोणासाठी आहे, हा प्रश्न ज्यांना आजवर त्या जेवणाच्या मेजावर जागा नव्हती त्यांच्या दृष्टीने मुळीच क्षुल्लक नव्हता.

नव्या पडद्यावर

२०१६ मध्ये भारतात आलेल्या नेटफ्लिक्समुळे हा प्रकार मुंबई-पुण्याच्या घरांतही सहज पोहोचला. आल्डोव्हिया नावाच्या काल्पनिक राज्यातील राजपुत्राची बातमी काढण्यास गेलेल्या पत्रकार तरुणीची कथा सांगणारा ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ २०१७ मध्ये आला. हा चित्रपट सलग १८ दिवस रोज पाहणाऱ्या ५३ जणांची कंपनीनेच तेव्हा जाहीर थट्टा केली आणि प्रेक्षकांवर अशी पाळत ठेवली जाते काय, म्हणून टीकाही ओढवून घेतली. २०२४ च्या ‘हॉट फ्रॉस्टी’ मध्ये तर एका विधवा उपाहारगृहचालिकेने गळपट्टा गुंडाळलेला बर्फाचा पुतळाच सजीव होतो. साचा स्वतःवरच हसू लागला होता. पण ती बाई पुन्हा जगण्याकडे वळावी, ही प्रेक्षकांची इच्छा मात्र खरीच होती.

त्या ५३ जणांना नेमके काय हवे होते, हे आकड्यांवरून कळत नाही. कोणी आजारी असेल, कोणी परगावी एकटे असेल, कोणाला केवळ राजवाडा आवडला असेल. रोज पाहूनही त्या कथेचा शेवट बदलणार नव्हता, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. आणि बहुधा त्यासाठीच ते परत येत होते.